भरवशाच्या गाडीला टोणगा

‘‘गाडी घ्यायची म्हणतोय. भरवशाची कुठली, ते सांगा.’’

हा प्रश्न मला महिन्यातून निदान चार वेळा विचारला जातो. विचारणारा कोणीही असू शकतो. सोसायटीचे सेक्रेटरी, सौ.च्या भिशीतल्या मैत्रिणीचे यजमान, पासबुक भरून घ्यायला आलेला खातेदार, आणि एकदा तर दातांचे डॉक्टर, तेसुद्धा त्यांचे दोन्ही हात माझ्या तोंडात असताना. मी मोटारींचा शौकीन आहे ही बातमी आमच्या कॉलनीभर पसरलेली आहे. शौकीन म्हणजे पुष्कळ गाड्या बाळगणारा इसम नव्हे. बँकेतल्या कारकुनाच्या पगारात एकच गाडी होते आणि तीही आधी पाच वर्षं बँकेची असते, मग आपली होते. माझी गाडी बारा वर्षांची आहे आणि तिच्याबद्दल मी फारसं बोलत नाही. संसारात सुखी असलेली माणसं चारचौघांत बायकोबद्दल बोलत नाहीत, तसंच ते. शौकीन म्हणजे असा प्राणी, की जो लग्नाच्या पंगतीत बसलेला असताना बाहेरून एखादी गाडी किंचाळत जाते, तिचा पट्टा सैल झालाय हे त्याला आवाजावरून कळतं, आणि मग त्याला जिलबी गोड लागत नाही.

शिवाय मी बी.कॉम. आहे आणि सात वर्षं वाहनकर्जाच्या टेबलावर बसलो आहे. कॉमर्सच्या पदवीचा मोटारीशी संबंध काय, असं इंजिनिअर मंडळी नाक वर करून विचारतात. संबंध असा, की गाडी कशी चालते हे त्यांना कळतं आणि ती माणसाला कितीला पडते हे आम्हाला कळतं. त्या टेबलावरून मी अख्खा मध्यमवर्ग जवळून पाहिला. कर्ज मागायला आलेला माणूस व्याजाच्या पाव टक्क्यासाठी तासभर भांडतो. रंग ठरवायला आजीपासून नातवापर्यंत सगळं कुटुंब येतं. डिलिव्हरीचा मुहूर्त गुरुजींकडून काढून आणलेला असतो. आणि ‘‘किती देते?’’ हा प्रश्न तर आपल्याकडे गाडीच्या आधी जन्माला आलेला आहे. सात वर्षांत ‘‘ब्रेक कसे आहेत हो?’’ असं विचारणारं एकही गिऱ्हाईक मला भेटलं नाही. एकानं एअरबॅगची चौकशी केली होती, नाही असं नाही. पण ती ‘‘काढून घेतल्या तर किती कमी होतील?’’ एवढ्यापुरतीच होती.

तर या सगळ्यांना वेगवेगळं उत्तर देऊन माझा घसा बसला आहे म्हणून एकदाचं छापूनच टाकतो. भरवशाची गाडी कुठली, हा प्रश्न आता उरलेला नाही. आज दुकानात मिळणारी जवळजवळ कुठलीही गाडी भरवशाची आहे. निदान ती तुमच्यापेक्षा नक्कीच भरवशाची आहे. आपल्याकडे भरवशाच्या म्हशीला टोणगा होतो अशी म्हण आहे. भरवशाच्या गाडीला तो होत नाही. तो आपल्या पायांनी चालत येतो, दार उघडतो आणि स्टिअरिंगमागे बसतो.

एवढं म्हटलं की ज्येष्ठ मंडळी खवळतात. ‘‘छे हो! गाड्या होत्या त्या आमच्या वेळच्या. पत्रा बघा कसा होता! आता नुसतं टेकलं तरी पोचा पडतो.’’ त्यांच्या वेळच्या गाड्या म्हणजे एक ती अँबॅसडर, जी मूळची विलायतेतली मॉरिस ऑक्सफर्ड. बंगालात उत्तरपाड्याला ती २०१४ पर्यंत तयार होत होती. दुसरी आपली कुर्ल्याची पद्मिनी, जी मूळची फियाट. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवच्या आर.टी.ओ.त नोंदली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांचं आयुष्य, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती काळी-पिवळी रस्त्यावरून गेली. त्या आठवड्यात इतक्या लोकांनी डोळे पुसत तिच्याशेजारी फोटो काढून घेतले, की त्यांतल्या निम्म्यांनी जरी शेवटची वीस वर्षं तिच्यातून प्रवास केला असता तरी टॅक्सीवाल्यांची पोरं डॉक्टर झाली असती. फोटो काढून झाल्यावर ही मंडळी गार हवेची गाडी मागवून घरी गेली.

जुन्या गाडीतून मीही फिरलो आहे. आमच्या काकांकडे एक हँडगिअरवाली होती. नाव सांगत नाही. गेलेल्या माणसाबद्दल आणि गेलेल्या गाडीबद्दल वाईट बोलू नये. तिच्यातून आम्ही नऊ जण महाबळेश्वरला निघायचो. पाण्याचे दोन कॅन, जादा फॅनबेल्ट, प्लगचा पाना, सॅण्डपेपर, दोरखंड आणि नारळ एवढं सामान आधी चढायचं, मग माणसं. वाई सोडून पसरणीचा घाट लागला की काका बोलायचे थांबत. तिसऱ्या-चौथ्या वळणावर गाडीही थांबे. इंजिनाच्या उष्णतेनं पंपातल्या पेट्रोलची वाफ व्हायची, आणि तो पंप बिचारा पातळ पदार्थ ओढण्यासाठी जन्माला आलेला; वाफ काही त्याला ओढवत नसे. मग बॉनेट उघडून पंपावर ओलं फडकं टाकायचं आणि कठड्यावर बसून डब्यातल्या दशम्या खायच्या. आपल्या मागूनपुढून आणखी चार गाड्या अशाच फडकी घालून बसलेल्या. ताप आलेल्या पोरांच्या कपाळावर पट्ट्या ठेवून बसलेले आईबाप जसे एकमेकांची चौकशी करतात, तसे सगळे एकमेकांची चौकशी करत. कोणी पाणी देई, कोणी पाना देई. एका गृहस्थानं काकांना तिथल्या तिथे एक स्थळ सुचवलं होतं.

काका घाटात तिशीच्या वर कधी गेले नाहीत. उतारावर दुसऱ्या गिअरखाली कधी आले नाहीत, वरही नाहीत. वळणावर कोणाला मागे टाकणं म्हणजे त्यांच्या दृष्टीनं परस्त्रीकडे बघण्यासारखं होतं. हे काही त्यांच्या अंगच्या सज्जनपणामुळे नव्हतं (घरात काकू विरुद्ध मत देई). गाडीवर काडीचा भरवसा नव्हता म्हणून ते जपून होते. ब्रेक लागेल की नाही हे ज्याला माहीत नसतं, तो ब्रेक लावायची वेळच येऊ देत नाही.

म्हणून जुन्या गाड्या परत आणा असं मी म्हणत नाही. ते पत्र्याचं पुराण तर मला मुळीच मान्य नाही. धडक बसते तेव्हा जी ऊर्जा असते ती कुठल्या तरी खात्यात नावे पडणारच. हा डबल एन्ट्रीचा पहिला धडा आहे. नव्या गाडीचं नाक चुरगळतं ते पत्रा स्वस्त आहे म्हणून नव्हे, तर ती रक्कम आपल्या खात्यात घालून घ्यायची असं तिला शिकवलेलं असतं म्हणून. जुन्या गाडीचं नाक चुरगळत नसे, मग ती रक्कम आत बसलेल्यांच्या नावे पडे. ‘‘केवढा अपघात झाला, पण गाडीला ओरखडासुद्धा नाही’’ असं कौतुकानं सांगणाऱ्यांना मी नेहमी विचारतो, की आतल्या माणसांचं काय झालं? मग ते विषय बदलतात.

१४ डिसेंबर १९८३ ला पंतप्रधान इंदिरा गांधींनी पहिल्या मारुती ८००ची किल्ली गिऱ्हाइकाच्या हातात ठेवली. सातशे शहाण्णव सी.सी.चं ते चिमुकलं इंजिन किल्ली फिरवली की चालू होई. चोक-बिक ओढायचा, पण होई. तिनं घाटातल्या दशम्या संपवल्या. त्यानंतर आपल्याकडे एक संपूर्ण पिढी अशी वाढली, की जिनं बॉनेट उघडून पाहिलेलं नाही. माझ्या ओळखीच्या एका प्राध्यापकांना बॉनेटचा खटका कुठे असतो तेच माहीत नव्हतं. त्यांना तो शोधून दिला तेव्हा पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडलं.

बॉनेट उघडू नये, माझी हरकत नाही. पण भरवशाच्या वस्तूचीही काही देखभाल असते की नाही? आपल्याकडे गाडीवर खर्च होत नाही असं कोण म्हणेल? सीटकव्हरं होतात. पायाखाली अशी जाड सतरंजी येते, की तिच्यात क्लच अडकतो. पुढे लोखंडी गार्ड बसतं, ज्याच्यावर केंद्र सरकारनं २०१७ च्या डिसेंबरात कारवाई करायला सांगितलं होतं. ते पायी चालणाऱ्याला घातक आहेच, शिवाय त्याच्यामुळे एअरबॅगला धडक नीट कळत नाही. समोर लिंबू-मिरची असते. ती दर शनिवारी न चुकता बदलली जाते. ऑइल फिल्टर दर दहा हजार किलोमीटरला बदलायचा असतो आणि त्याच्यासाठी वार बघावा लागत नाही, तरी तो राहून जातो.

टायरचंच घ्या. गाडीत जमिनीला लागणारी एकमेव वस्तू ती. चार तळहातांएवढ्या रबरावर सगळा संसार उभा असतो. त्यात हवा किती भरायची हे ड्रायव्हरचं दार उघडलं की चौकटीवर चिकटवलेलं असतं. तेहेतीस लिहिलेलं असेल, तर हवावाला म्हणतो, ‘‘चाळीस टाकतो साहेब, लांब जायचंय ना?’’ आणि साहेब मान डोलावतात! कारखान्यातल्या शंभर इंजिनिअरांचं ऐकायचं नाही, कोपऱ्यावरच्या पोऱ्याचं ऐकायचं. चाळीस भरलं की टायर मधेच फुगतो, कडा रस्ता सोडतात, आणि पावसात गाडी पाटावरच्या साबणासारखी निघते. टायरच्या कुशीवर चार आकडे छापलेले असतात. ‘३२१८’ असेल तर तो २०१८ सालच्या बत्तिसाव्या आठवड्यात जन्मला. तीन महिन्यांनी चेक शिळा होतो म्हणून माझ्याशी काउंटरवर हुज्जत घालणारे लोक आठ वर्षांचा शिळा टायर घालून गोव्याला जातात. ‘‘नक्षी आहे की अजून!’’ अहो, नक्षी आहे, पण रबराचं खापर झालंय त्याचं काय?

आमचे एक साहेब होते. (बदली झाली, म्हणून लिहितो.) घर ते शाखा अंतर चार किलोमीटर. त्यांनी थोरली डिझेल गाडी घेतली, कारण डिझेल परवडतं. आता १ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्यांना बी.एस. सहा हे मान लागू झालं, आणि डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारी एक गाळणी आली. ती काजळी जाळून टाकायला गाडी अधूनमधून चांगली तापेपर्यंत लांब पळवावी लागते. साहेबांची गाडी तापायच्या आत शाखा यायची. दोन महिन्यांत दिवा लागला, चार महिन्यांत गाडीनं पळायचं नाकारलं, आणि साहेब मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर म्हणाले, ‘‘हल्लीच्या गाड्यांत दम नाही.’’ गाळणीत अडकलेली काजळी त्यांचीच होती, पण बदनाम गाडी झाली.

आणि तो न्यूट्रलवाला! घाट उतरताना गाडी न्यूट्रलमध्ये टाकून पेट्रोल वाचवणारा महाभाग प्रत्येक कुटुंबात एक असतो आणि तो बहुधा हिशेबाच्या बाबतीत स्वतःला फार समजतो. त्याच्याशी मी हिशेबानंच बोलतो. हल्लीच्या इंजिनाला पेट्रोल किती द्यायचं हे कॉम्प्युटर ठरवतो. उतारावर गाडी गिअरमध्ये असली आणि पाय उचलला, की चाकंच इंजिनाला फिरवतात, म्हणून तो पेट्रोल पूर्ण बंद करतो. खर्च शून्य. न्यूट्रलमध्ये टाकलं, की चाकांचा आणि इंजिनाचा संबंध तुटतो, ते बंद पडू नये म्हणून कॉम्प्युटर त्याला पेट्रोल पाजत राहतो. म्हणजे हे गृहस्थ बचत म्हणून खर्च करत असतात. वर सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापतात, त्यातलं तेल हवेतलं पाणी पिऊन पिऊन जुनं झालेलं असतं, ते उकळतं, आणि एका वळणावर ब्रेकचं पॅडल पायाखाली दुलईसारखं दबतं. हे सगळं सांगितल्यावर आमच्या हेड कॅशिअरांनी मला काय उत्तर दिलं असेल? ‘‘वडील असंच करायचे.’’ आता वडिलांपुढे काय बोलणार?

रस्त्यावर आल्यावर तर बोलायची सोयच नाही. आपल्याकडे गाडीची जी उपकरणं आहेत त्यांचे अर्थ आपण ठरवून घेतलेले आहेत. हॉर्न म्हणजे ‘मी आलोय’. सिग्नल हिरवा होण्याआधीचा हॉर्न म्हणजे ‘मी कंटाळलोय’. प्रखर दिवा म्हणजे ‘माझी गाडी तुझ्यापेक्षा महाग आहे’. इंडिकेटर हा खासगी प्रश्न आहे. आपण डावीकडे जाणार की उजवीकडे हे परक्या माणसाला का म्हणून सांगायचं? आणि चौकात सरळ जायचं असलं की चारही दिवे एकदम लावायचे. हे चार दिवे गाडी बंद पडल्यावर लावण्यासाठी दिलेले आहेत. पण गाड्या भरवशाच्या झाल्यामुळे त्या बंद पडत नाहीत, आणि दिवे तर पैसे देऊन घेतलेले, मग वापरायचे कधी? २०१५ साली महाराष्ट्र सरकारनं ट्रकच्या पाठीवर ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहायला बंदी केली. ट्रकवरून ते पुसलं गेलं असेल, पण मागच्या गाडीवाल्यांच्या डोक्यात ते रंगवून ठेवलेलं आहे.

मुंबई–पुणे एक्स्प्रेस वे साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा. मोटारींना सपाटीवर शंभरची मर्यादा, घाटात साठची. घाट नाहीच असं घडीभर धरा. शंभरनं गेलात तर सत्तावन्न मिनिटं. एकशेवीसनं गेलात तर सत्तेचाळीस. वाचली दहा मिनिटं, आणि ती फूडमॉलवर वडापावच्या रांगेत खर्ची पडतात. या दहा मिनिटांची किंमत काय? वेगाच्या वर्गाप्रमाणे धडकेची ऊर्जा वाढते. शंभरचे एकशेवीस केले की वेग वीस टक्क्यांनी वाढतो आणि ऊर्जा चव्वेचाळीस टक्क्यांनी. मुदत ठेवीवर पाव टक्का जास्त मिळावा म्हणून चार बँका फिरणारा माणूस हे चव्वेचाळीस टक्क्यांचं देणं हसत हसत डोक्यावर घेतो. २०२४ च्या जुलैपासून तिथे कॅमेरे आहेत. ते आल्यापासून मी एक दृश्य नेहमी बघतो. कॅमेऱ्याआधी सगळे शहाण्णव, कॅमेऱ्यानंतर सगळे एकशेतीस. मला त्याचं आश्चर्य वाटत नाही. इन्स्पेक्शनला साहेब येतात त्या दिवशी आमच्या शाखेतही सगळे टेबलावर सापडतात.

पुढच्या गाडीत आणि आपल्यात दोन सेकंदांचं अंतर ठेवावं असं जगभर शिकवतात. शंभरच्या वेगात ते पंचावन्न मीटर होतं. मी ठेवतो. त्या पंचावन्न मीटरमध्ये तीन गाड्या येऊन बसतात, आणि चौथा मागून हॉर्न वाजवून विचारतो, की एवढी जागा रिकामी का ठेवलीस बाबा?

हे सगळं मी एक वेळ सोडून देईन. काजळी, न्यूट्रल, चार दिवे, सगळं. पण पट्ट्याच्या बाबतीत मला हसता येत नाही, आणि बारा वर्षं मी याच एका गोष्टीवरून माणसं तोडत आलो आहे.

तीन ठिकाणी अडकणारा हा पट्टा १९५९ साली व्होल्व्हो कंपनीतल्या निल्स बोहलिन या इंजिनिअरनं गाडीत आणला, आणि कंपनीनं पेटंट घेऊनही तो इतरांना वापरू दिला. इतकी स्वस्त आणि इतकी साधी वस्तू. २०१९ च्या जुलैपासून आपल्याकडच्या नव्या गाड्यांत पट्टा लावला नाही की टुणटुण वाजू लागलं. यावर आपल्या देशबांधवांनी काय शोध लावला? नुसतंच एक बक्कल, ज्याला पट्टा नाही. ते खाचेत खुपसायचं, की टुणटुण बंद. चोराची घंटा वाजते तिच्यामुळे डुलकी मोडते, म्हणून बँकेच्या मॅनेजरनं घंटेत बोळा घालण्यासारखं झालं हे! २०२३ च्या मे महिन्यात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं पाच ऑनलाइन दुकानांना ही बक्कलं विकणं बंद करायला लावलं, तेव्हा त्यांच्या मिळून तेरा हजार एकशे अठरा नोंदी उतरवल्या गेल्या. तेरा हजार! माणसानं स्वतःला फसवायला इतके विविध रंग आणि डिझाइनं लागतात, हे मला त्या दिवशी कळलं. काहींवर तर देवाचं चित्र होतं.

‘‘एअरबॅग आहेत की!’’ हे दुसरं. एअरबॅग ही पट्ट्याची मदतनीस आहे, बदली कामगार नव्हे. ती डोळ्याचं पातं लवायच्या आत फुगते. पट्ट्यानं धरून ठेवलेल्या माणसाला ती झेलते, आणि न बांधलेला माणूस पुढे येतच असतो, त्याला ती थोबाडीत मारते. ‘‘आमची फाइव्ह स्टार आहे’’ हे तिसरं. ऑक्टोबर २०२३ पासून आपल्याकडे भारत एनकॅपच्या चाचण्या होतात आणि चांगलं झालं. समोरच्या धडकेची चाचणी ताशी चौसष्ट किलोमीटरला होते. एकशेवीसला ऊर्जा तिच्या साडेतीन पट असते. आणि त्या चाचणीत गाडीत पुतळे बसवतात. त्या पुतळ्यांना पट्टे लावलेले असतात. ते पाच तारे त्या बांधलेल्या पुतळ्यांनी मिळवलेले आहेत; मोकळ्या बसलेल्या तुम्ही-आम्ही नव्हे.

केंद्र सरकारचा २०२२ सालचा अहवाल आहे. त्या एका वर्षात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली. शेकडा एकाहत्तर अतिवेगात. पट्टा न लावल्यामुळे गेली १६,७१५. त्यात चालवणारे ८,३८४ आणि बरोबर बसलेले ८,३३१. आयुष्यभर दोन बाजू जुळवण्यात गेलेल्या माझ्यासारख्या माणसाला ही बेरीज बघवत नाही, कारण या दोन बाजू जवळजवळ जुळतात. एक चालवणारा, तर त्याच्या जोडीला एक असा, की ज्यानं स्टिअरिंगला हातही लावला नव्हता. त्याच साली ४ सप्टेंबरला पालघरजवळ सायरस मिस्त्री गेले. उत्तम गाडी होती, ते मागच्या सीटवर होते, पट्टा लावलेला नव्हता. त्यानंतर पंधरा दिवस सगळा महाराष्ट्र मागच्या सीटवरचे पट्टे शोधत होता. ते सीटकव्हरांच्या खाली गाडले गेले होते. सोळाव्या दिवशी परत गाडले गेले.

गेल्या दिवाळीत कोल्हापूरला आईकडे जायचं होतं. सौ. मुलांना घेऊन आमची गाडी चालवत दोन दिवस आधीच गेलेली. मला बँकेत सुट्टी नव्हती, म्हणून मी धाकट्या बहिणीच्या गाडीतून जायचं ठरलं. कोथरूडला त्यांच्या दाराशी गाडी सजून उभी. पाहुणे स्टिअरिंगवर, शेजारी मी, मागे बहीण आणि फराळाचे डबे. डब्यांना दोरीनं नीट बांधलं होतं, लाडू फुटू नयेत म्हणून. आणि माझी चार वर्षांची भाची पुढच्या दोन सीटांच्या मधे, दोघांच्या खांद्यांवर हात ठेवून उभी.

‘‘पाहुणे, तिला मागे बसवून बांधा आधी.’’

‘‘असू दे हो दादा. उभं राहिलं की तिला छान दिसतं.’’

मी म्हटलं, तिला जे छान दिसतं ना, ती समोरची काच आहे. गाडी गच्चकन थांबली, की सगळ्यांत आधी तीच तिथे पोचेल. मी म्हटलं, कायदा झाला आहे, २०१९ चा. चौदा वर्षांखालच्या मुलाला बांधलं नाही तर हजार रुपये दंड आहे. पाहुणे म्हणाले, हजार रुपये आहेत त्यांच्याकडे. मग म्हणाले, ‘‘पोरीला काय बांधायचं, ते काय गुरू आहे?’’ मी डब्यांकडे बोट दाखवलं. तिथे त्यांचा आवाज चढला. बहीण मागून ‘‘दादा, सणासुदीचं...’’ म्हणत होती. पाहुणे म्हणाले, ‘‘माझ्या चालवण्यावर तुमचा भरवसा नाही, असंच ना?’’

मी म्हटलं, नाही.

आणि खाली उतरलो. रिक्षा केली, स्वारगेट गाठलं आणि लाल एस.टी.त खिडकीजवळची जागा धरली. ड्रायव्हर पन्नाशीचे होते. खंबाटकीच्या घाटात त्यांनी एकदाही कोणाला मागे टाकलं नाही. मी कोल्हापूरला पाहुण्यांच्या दीड तास मागून पोचलो, तोवर घरात माझ्याविषयीचा निकाल लागलेला होता. आई म्हणाली, जावयाला असं बोलतात का? सौ. काही म्हणाली नाही, पण रात्री तिनं मला दोन अनारसे जास्त वाढले.

भाऊबिजेला राजारामपुरीतून भाचीसाठी गाडीत बसवायची खास सीट आणली आणि ओवाळणी म्हणून ते भलंमोठं खोकं पाटासमोर ठेवलं. बहिणीनं ओवाळलं. पाहुणे बाहेरच्या खोलीत कालचा पेपर वाचत बसले होते. ते खोकं पुण्याला गेलं, ते त्यांच्या माळ्यावर आहे. मी दर रविवारी फोन करून विचारतो. बहीण हळू आवाजात सांगते, ‘‘यांचा राग उतरू दे रे दादा, मग बसवू.’’ भाची पाच वर्षांची झाली. सीटच्या खोक्यावर ‘चार ते सात वर्षे’ असं लिहिलेलं आहे.